रुमालाखालचा भाव

बाजार मोकळा सोडला की स्पर्धा आपोआप नांदते, असे म्हणतात. इतिहास निराळे सांगतो. पूर्वी पेठेत अडत्या व खरेदीदार रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल, त्या शेतकऱ्यालाच तो कळत नसे. वऱ्हाडात 1897 साली व मुंबई इलाख्यात 1939 साली बाजाराचे कायदे झाले. उघडा लिलाव, परवानेदार तोलार, ठरीव हमाली आली, तेव्हा कोठे खरी चढाओढ लागली. शेजारच्या सांगलीची हळद आम्हा माधवनगरकरांच्या रोजच्या आमटीत असते. तिच्या भावात आमचा पगारही गुंतलेला आहे. परंतु परवाने मूठभरांकडेच राहिले, तर रुमाल पुन्हा पसरतो. संगनमताने भाव ठरविणे 2002 च्या स्पर्धा कायद्याने निषिद्ध केले. पाळत मात्र आपणच ठेवावयाची आहे.