जाळ्यांतील दोषाचा शोध

संगणकांचें जाळें बंद पडलें म्हणजे मनुष्य प्रथम तारेला दोष देतो. घरांतील राउटर बंद करून पुन्हा चालू करितो, तारेचें टोंक काढून पुन्हा बसवितो, आणि एवढ्यानें भागलें नाहीं तर कंपनीच्या नांवानें बोटें मोडतो. दोष कोठें आहे हें ठरण्यापूर्वींच उपाय सुरू होतात. म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! ज्यांनीं हीं जाळीं प्रथम विणलीं, त्यांनाही हा धडा ठेंचा खाऊनच शिकावा लागला.

१९६९ सालीं ऑक्टोबरच्या २९ तारखेस रात्रीं, लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतून सुमारें ३५० मैलांवरील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेच्या संगणकास पहिला संदेश गेला. चार्ली क्लाइन हा विद्यार्थी ‘लॉगिन’ ह्या इंग्रजी शब्दाचीं पांच अक्षरें एकेक करून पाठवीत होता. दोन्ही टोंकांचीं माणसें त्याच वेळीं दूरध्वनीवर होतीं आणि प्रत्येक अक्षर पोंचलें कीं नाहीं, हें एकमेकांस विचारीत होतीं. दोन अक्षरें पोंचलीं. तिसऱ्याच्या वेळीं पलीकडचा संगणक कोलमडला. तार शाबूत होती. दोष तिकडच्या संगणकाच्या आज्ञावलींत निघाला, आणि तो दूर होतांच सुमारें तासाभरांत सबंध शब्द पोंचला.

जाळें वाढलें, तसा दूरध्वनीवर विचारण्याचा हा मार्ग अपुरा पडूं लागला. १९८३ च्या जानेवारींत अमेरिकेंतील ‘आर्पानेट’नें टीसीपी-आयपी ही नवी नियमावली स्वीकारली. त्याच वर्षीं डिसेंबरांत मेरीलंडमधील सैन्याच्या बॅलिस्टिक संशोधनशाळेंत जाळें विचित्र वागूं लागलें, तेव्हां तेथील माइक मूस यांनीं एका रात्रींत एक लहानशी आज्ञावली लिहिली. तिचें काम एवढेंच : दूरच्या यंत्रास साद घालावयाची, पडसाद येतो कीं नाहीं तें पाहावयाचें, आणि जाण्यायेण्यास लागलेला वेळ मोजावयाचा. ध्वनीच्या पडसादावरून पाणबुडीचा माग काढणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून त्यांनीं तिला ‘पिंग’ हें नांव दिलें.

आजही घरचा दोष शोधावयाचा तो ह्याच क्रमानें. आधीं घरांतील राउटरला साद घालावी, मग दूरच्या यंत्राला. जवळचा बोलला आणि पुढचें कोणीच बोललें नाहीं, तर दोष उंबऱ्यापलीकडे आहे. जवळचाच मुका असेल, तर कंपनीस बोल लावण्यांत अर्थ नाहीं. मात्र कांहीं यंत्रांना सादेस उत्तर न देण्याची मुद्दामच आज्ञा असते. तेव्हां एकाच्या मौनावरून निवाडा करूं नये.

परंतु दोन्ही टोंकें धड, मधली तारही धड, आणि तरीही जाळें ठप्प, असा प्रसंग आला म्हणजे? तो १९८६ च्या ऑक्टोबरांत आला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचें विद्यापीठ यांच्यांत अंतर अवघें ४०० यार्ड. तेथून सेकंदास ३२,००० बिट जात असत. ते ४० वर आले. वेग आठशें पटींनीं घटला!

श्रोत्यांनीं एक अरुंद दरवाजा डोळ्यांपुढें आणावा. संगणक आपला मजकूर लहान लहान पुडक्यांनीं पाठवितो आणि प्रत्येकाच्या पोंचेची वाट पाहतो. मुदतींत पोंच आली नाहीं, कीं पुडकें हरवलें असें समजून तेंच पुन्हा पाठवितो. दरवाजाशीं गर्दी झाली म्हणजे पोंचेस उशीर होतो. उशीर झाला म्हणजे प्रत्येक जण तेंच पुडकें पुन्हा पुढें ढकलतो. त्यानें गर्दी आणखी वाढते. सर्व यंत्रें नियमाप्रमाणेंच वागत होतीं, आणि म्हणूनच सर्वांची वाट अडली होती.

व्हॅन जेकबसन आणि माइकेल कॅरल्स यांनीं ह्या रोगाचें निदान केलें. त्यांचा उपाय असा : आरंभ थोडक्या पुडक्यांनीं करावा आणि पोंच येत जाईल तसें प्रमाण वाढवावें, पुडकें हरवलें तर तो गर्दीचा इशारा समजून आपला भार निम्म्यावर आणावा, आणि मग बेताबेतानें पुन्हा वाढवावा, तसेंच पोंचेस किती वेळ लागतो व त्यांत किती चढउतार होतो, हें पाहूनच मुदत ठरवावी. १९८८ सालीं ही सुधारणा बर्कलीच्या युनिक्स प्रणालींतून बाहेर पडली आणि त्याच वर्षीं तिच्यावरील निबंधही प्रसिद्ध झाला.

त्यानंतर ह्या पद्धतींत पुष्कळ फेरफार झाले. पण मूळ तत्त्व टिकलें. दरवाजावर कोणी शिपाई बसविण्यांत आला नाहीं. पाठविणाऱ्या प्रत्येक यंत्रानें इतरांची अडचण आपल्याच खोळंब्यावरून ओळखावी आणि आपण होऊन हात आखडता घ्यावा, एवढेंच ठरलें. १९६९ सालीं दोष पलीकडच्या टोंकाला सांपडला होता. १९८६ सालीं तो अलीकडच्या, ज्याच्या त्याच्या घाईंत सांपडला. तार तपासण्याची कला माणसास लवकर साधली; आपलीच घाई तपासावयास त्याला आणखी सतरा वर्षें लागलीं.