पेटीची एक पट्टी, दोन स्वर

लालबर्ऱ्यासारख्या गावी भजन बसते ते पेटीवर; तंबोरा निघतो क्वचित. म्हणून पेटीच्या स्वरांचा इतिहास हा आपल्या कानांचाही इतिहास आहे.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे ऐकून त्यांनी बावीस श्रुती गणितात बसवल्या आणि 1910 साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. न्यायखात्यातील आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी हे काम पुढे नेले. श्रुतींची पेटी लंडनमध्ये तयार झाली आणि 1913 साली क्लेमेंट्स यांचेही पुस्तक आले.

एवढा खटाटोप कशासाठी? षड्ज 240 कंपनांचा धरा. तंबोऱ्याशी मिळालेला शुद्ध गांधार त्याच्या सव्वापट, म्हणजे 300. त्या गांधाराला षड्ज मानून पुन्हा गांधार घ्या: 375. आणखी एकदा घ्या: पावणे एकोणसत्तर अधिक चारशे, म्हणजे 468.75. पेटीवर या तीन पायऱ्यांनी आपण थेट तार षड्जावर पोचतो. पण तार षड्ज आहे 480 वर. मधली सव्वाअकरा कंपने कुठे गेली? ती पेटीच्या पट्ट्यांनी आपापसांत वाटून घेतली.

पाश्चात्त्यांच्या ‘ऑगमेंटेड सेव्हन्थ’ या स्वरमेळात हे उघडे पडते. त्यात षड्ज, गांधार, चढवलेला पंचम आणि कोमल निषाद एकत्र वाजतात. तो चढा पंचम म्हणजे वरचा 375. त्याच काळ्या पट्टीला आपण कोमल धैवत म्हणतो. पण षड्जाशी जुळणारा कोमल धैवत 384 चा. पेटी दोघांच्या मध्ये, सुमारे 381 वर थांबते आणि कोणाचीच होत नाही. निषादाचीही तीच गत: तारेचा सातवा स्वयंभू स्वर या सप्तकात आणला तर 420, मध्यमाच्या मध्यमातून येणारा सुमारे 427, कोमल गांधाराच्या पंचमातून येणारा 432. पेटीला एकच ठाऊक.

मग पट्ट्या वाढवाव्यात, हा देवल–क्लेमेंट्स यांचा मार्ग. पंडित भातखंडे यांना श्रुतींची अशी गणिती निश्चिती मान्य नव्हती. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या प्रश्नावर वाद झाला. श्रुतिपेटी घरोघर पोचली नाही. पुढे 1940 साली ऑल इंडिया रेडिओने साध्या पेटीलाच दार बंद केले. ते 1971 पर्यंत उघडले नाही. भजनी मंडळांनी मात्र पेटी सोडली नाही. ती स्वस्त, टिकाऊ आणि एकट्याने वाजवता येणारी होती.

देवलांची पेटी मागे पडली, तरी त्यांचा प्रश्न मागे पडलेला नाही. स्वर पट्टीत नसतो, दोन ध्वनींच्या नात्यात असतो. गळ्याला 375 आणि 384 ही दोन्ही घरे मोकळी आहेत, पण ती ओळखायला कान हवा. ज्या मुलाने षड्जही पेटीवरूनच घेतला, त्याच्या कानाला दोहोंमधला फरक कळण्याची संधीच मिळत नाही. पेटी राहू द्यावी; तिच्या आधी रोज थोडा वेळ तंबोरा छेडला जावा.