कापसाची पेढी आणि बदलती बाजारपेठ : खामगावच्या कौटुंबिक व्यापाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वऱ्हाडातील कापसाचा इतिहास बहुधा शेतकरी आणि सरकार या दोन टोकांवरून लिहिला जातो. या दोहोंच्या मध्ये असलेली कौटुंबिक पेढी ‘सावकारी’ या एका शब्दात निकालात काढली जाते, नाही तर गतवैभवाच्या आठवणींत हरवून जाते. प्रस्तुत लेखात बुलडाणा जिल्ह्यातील खामगावच्या कापूस पेढ्यांचा विचार केला आहे. शेतकरी आणि गिरणी यांच्यात वाटेचे, वार्तेचे आणि पैशाचे जे अंतर होते, त्यावर पेढीचा व्यवसाय उभा होता. ही अंतरे कमी होत गेली तसतसे पेढीचे स्थान कसे बदलले, हे येथे पाहावयाचे आहे.

पेढीचा उदय

खामगावात व्यापाऱ्यांनी १८२० च्या सुमारास दुकाने घातली ती तूप, सूत आणि पानसुपारीसाठी; कापूस नंतर आला. रेल्वेपूर्व काळात वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरपर्यंत किंवा घाट उतरून मुंबईला जाई. वाटेत धूळ आणि पाऊस यांनी माल खराब होई. हा धोका पत्करणे, हुंडीने रक्कम फिरविणे आणि पेरणीच्या वेळी उचल देणे ही पेढीची कामे होती. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे भाव भडकले आणि खामगाव प्रांतातील अग्रगण्य कापूस बाजारपेठ झाले.

पेढीचे भांडवल एकत्र कुटुंबाचे असे आणि व्यवहार कर्त्याच्या शब्दावर चाले. कच्चा अडत्या शेतकऱ्याचा माल विकून देऊन अडत घेई, तर पक्का अडत्या स्वतःच्या जबाबदारीवर दूरच्या व्यापाऱ्यासाठी खरेदी करी. कोणाचे शेत कसे आहे आणि कोणाला किती उचल द्यावी, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या वहीत साठत जाई. पेढीची खरी मालमत्ता गोदामापेक्षा ही वही होती.

आगगाडी आणि तारायंत्र

१८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाला. आदल्याच वर्षी सुएझ कालवा खुला झाला होता आणि १८७० मध्येच मुंबई समुद्राखालील तारेने इंग्लंडशी जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव आता वऱ्हाडात त्वरेने समजू लागला. युरोपीय कंपन्यांचे खरेदीदार थेट बाजारात उतरले. वाट आणि वार्ता यांवरील पेढीची मक्तेदारी अशा रीतीने सैल झाली.

तरीही पेढी मोडली नाही. तिने जिनिंग-प्रेसिंगमध्ये भांडवल गुंतविले आणि उचल देण्याचे काम स्वतःकडेच ठेवले. कंपनीला कापूस हवा होता. शेतकऱ्याच्या अडीअडचणीत ती भागीदार नव्हती. मात्र याच उचलीतून अनेकांच्या जमिनी गहाण पडल्या, हेही नोंदविले पाहिजे. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजाराच्या व्यवहारावर नियंत्रण आणले. १९०५ मध्ये खामगाव तालुका अकोल्यातून बुलडाणा जिल्ह्यात आला. पुढे १९३० नंतरच्या जागतिक मंदीत भाव कोसळले, तेव्हा ऋणको आणि धनको दोघेही अडचणीत आले.

एकाधिकार खरेदी

सर्वांत मोठा आघात मात्र स्वातंत्र्योत्तर काळातील होता. १९७१ च्या कायद्यान्वये महाराष्ट्र शासनाने १९७२-७३ च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. खाजगी व्यापाऱ्याला खरेदीची मुभा उरली नाही. खाजगी जिनिंग कारखाने पणन महासंघाचा कापूस ठरावीक दराने पिंजून, गाठी बांधून देऊ लागले. कालपर्यंतचा मालधनी मजुरीवर काम करणारा झाला. सहकारी संस्थेचे कर्ज कापसाच्या रकमेतून वसूल होई, परंतु पेढीच्या उचलीला आता मालाचे तारण उरले नाही. त्यामुळे उचल आणि माल यांची शतकभराची गाठ सुटली. शोषणाला आळा घालण्याचा हेतू रास्त होता. तथापि आजारपण, लग्नकार्य यांसाठी अवेळी लागणाऱ्या पैशाची सोय या योजनेत नव्हती.

२००२ मध्ये एकाधिकार शिथिल झाला, पण परत आला तो जुना बाजार नव्हता. सोयाबीनने कापसाची जागा मोठ्या प्रमाणात घेतली होती. त्याच वर्षी बी.टी. कापसाला मान्यता मिळाली. २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानामुळे आधुनिक यंत्रांची अपेक्षा वाढली आणि त्यासाठी लागणारे भांडवल एका कुटुंबाच्या आवाक्यापलीकडचे होते. तीस वर्षांच्या खंडात नवी पिढी अन्य व्यवसायांकडे वळणे स्वाभाविक होते.

समारोप

या आढाव्यावरून असे दिसते की, केवळ भाव पडल्याने पेढी संपत नाही. अंतर मिटविण्याचे तिचे काम दुसऱ्याने उचलले की ती क्षीण होते. आगगाडीने वाट घेतली, तारेने वार्ता घेतली आणि एकाधिकाराने माल घेतला. पैशाचे अंतर मात्र मिटले नाही. आजही कृषी सेवा केंद्राची उधारी व गावातील खाजगी कर्ज त्या जागी दिसते. म्हणूनच पेढीचा इतिहास हा ग्रामीण पतपुरवठ्याच्या अपूर्ण प्रश्नाचा इतिहास आहे. त्याची साधने जुन्या घरांतील मोडी आणि महाजनी लिपीतील वह्यांत आहेत. त्या रद्दीत जाण्यापूर्वी महाविद्यालयांच्या इतिहास आणि वाणिज्य विभागांनी एकत्र येऊन त्यांची नोंद करणे अगत्याचे आहे.