वक्ररेषेवरचं एक्सपोजर

ग्रेडिंगला माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच तरुण कॅमेरामनना लॉग ही कॅमेरा कंपन्यांची नवी युक्ती वाटते. तिचं मूळ मात्र इंग्लंडमधल्या विड्नेस गावी, १८९० सालात आहे. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड हे तिथल्या रासायनिक उद्योगात काम करणारे दोघे हौशी फोटोग्राफर. प्लेटवर प्रकाश किती पडला आणि काळेपणा किती साठला, हे मोजून त्यांनी आलेखावर मांडलं. प्रकाश लॉगॅरिदमच्या मापानं. खाली पाय, वर खांदा, मध्ये सरळ चढ अशी वक्ररेषा निघाली. या चढावर प्रकाश दुप्पट झाला की काळेपणा दर वेळी सारखाच वाढतो. पायाशी गेलेल्या सावल्या मात्र एकमेकींत मिसळतात. दृश्य या चढावर कुठं बसवायचं, हाच एक्सपोजरचा खरा प्रश्न, आणि तो अजून बदललेला नाही.

लॅबच्या काळात निगेटिव्ह जरा दाट आलेली बरी वाटायची. प्रिंटरच्या लाल, हिरव्या, निळ्या उजेडाचे १ ते ५० पॉइंट असत. दाट निगेटिव्हला पॉइंट वाढवले की काळं भरदार यायचं. पातळ निगेटिव्हमध्ये जे उमटलंच नाही, ते कुठल्याही पॉइंटनं येत नसे.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कोडॅकनं सिनेऑन आणलं: निगेटिव्ह स्कॅन करायची, संगणकावर काम करायचं, पुन्हा फिल्मवर उतरवायचं. हाताशी आकडे १०२४. ते प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाटले असते तर निम्मे एकट्या सर्वांत उजळ स्टॉपनं खाल्ले असते. म्हणून निगेटिव्हची घनता लॉगमध्येच नोंदवली. पांढऱ्या पृष्ठभागाला ६८५ आकडा दिला आणि वरची जागा चमकेसाठी राखली. या राखीव जागेचं मोल मला फार वाटतं. रोजचं माझं निम्मं काम तिच्यावर चालतं. १९९३मध्ये ‘स्नो व्हाइट’चं पुनरुज्जीवन याच यंत्रणेवर झालं. २०००च्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?’मध्ये रॉजर डीकिन्सनी मिसिसिपीची हिरवळ सुकल्या पिवळ्यात नेली, तीही निगेटिव्ह स्कॅन करूनच.

पुढे २०१०च्या ॲरी अलेक्सासारख्या कॅमेऱ्यांनी लॉग थेट चित्रीकरणात आणला. सोनीच्या एस-लॉग३मध्ये १८ टक्क्यांचं करडं कार्ड वेव्हफॉर्मवर ४१ला बसतं, पांढरं ६१ला. आपल्याकडचा सावळा चेहरा त्या करड्याच्या आसपासच असतो. टीव्हीच्या सवयीनं तो ७०वर नेला की तीन स्टॉप वर चढतो, आणि मागच्या खिडकीला जागाच उरत नाही. फिल्मचा खांदा हळूहळू वळत असे. सेन्सर भरला की पांढरं तिथंच कापलं जातं. दाट निगेटिव्हची जुनी सवय इथं अर्धीच लागू पडते. अंधाऱ्या प्रसंगाला एक स्टॉप जास्त जरूर द्यावा, पण आधी झेब्रा लावून खिडकी आणि कपाळावरची चमक तपासावी. आणि दिलेला जास्तीचा स्टॉप प्रसंगभर तेवढाच ठेवावा. शॉटगणिक आयरिस हलला तर उजेड मी जुळवून देतो, पण सावल्यांतला नॉइज एका शॉटमध्ये उसळतो, पुढच्यात बसतो, आणि कट झाला की प्रेक्षकाला तो दिसतो.