पावलांचा हिशेब

पावले मोजण्याची रीत माणसाने आधी जमीन मोजण्यासाठी वापरली; स्वतःचे शरीर राखण्यासाठी ती फार उशिरा कामी आली. रोमन मैल हा एक हजार पावलांचा होता. त्यात उजवा आणि डावा असे दोन्ही पाय पुढे पडले की एक पाऊल धरत. सैन्य किती चालले, दोन गावांत अंतर किती, हे ठरवायला चालणाऱ्याचे पाय हेच सर्वांत सोपे माप होते. अडचण एकच होती: मोजणाऱ्याचे लक्ष विचलित झाले की हिशेब चुकायचा. म्हणून हे काम यंत्राकडे सोपवण्याचे प्रयत्न सुरू झाले.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपच्या घड्याळजींनी खिशात मावणारी पावलामापके बनवली. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन पॅरिसमध्ये राजदूत म्हणून असताना त्यांनी असे एक यंत्र 1788 मध्ये मित्र जेम्स मॅडिसन यांना पाठवले आणि ते कसे लावायचे हेही पत्रात कळवले. विजारीच्या डाव्या खिशाच्या तळाला भोक पाडायचे, त्यातून फीत आत सोडायची आणि तिचा आकडा गुडघ्याजवळच्या पट्ट्याला अडकवायचा. पाय उचलला की फितीला ओढ बसे आणि खिशातल्या यंत्राचा काटा पुढे सरके. जेफरसन यांनी स्वतःच्या चालीच्या नोंदी ठेवल्या. उन्हाळ्यातल्या संथ चालीपेक्षा हिवाळ्यातल्या झपाट्याच्या चालीत मैलामागे पावले कमी पडतात, असे त्यांना आढळले.

पावले मोजण्याचे एक अतिशय अवघड काम हिंदुस्थानातून यंत्राशिवाय झाले. परकीयांना बंदी असलेल्या तिबेटचा नकाशा करण्यासाठी ब्रिटिश सर्वेक्षण खात्याच्या मॉन्टगोमेरी यांनी कुमाऊँतल्या मिलम गावचे नैनसिंह रावत यांना तयार केले. चढ असो वा उतार, पाऊल सारख्याच लांबीचे पडावे याचा त्यांनी कसून सराव केला. त्यांच्या जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी होते, आणि दर शंभराव्या पावलाला एक मणी ओढला जाई. यात्रेकरूच्या वेषात काठमांडूहून निघालेले नैनसिंह जानेवारी 1866 मध्ये ल्हासाला पोहोचले. नोंदी प्रार्थनाचक्रात लपवलेल्या होत्या. त्यांनी मोजलेल्या पावलांवरून तो मार्ग नकाशावर आला.

मोजणीचा रोख जमिनीवरून माणसाच्या तब्येतीकडे वळला तो जपानमध्ये. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथे व्यायामाची हवा होती. 1965 मध्ये यामासा या कंपनीने कमरेला लावायचे ‘मानपो-केई’ विकायला काढले. नावाचा अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’. अशा यंत्रात स्प्रिंगवर तोललेला एक छोटा दांडा असे. पाऊल पडले की हादऱ्याने तो खाली जाई आणि आतले चक्र एक दात पुढे सरके. रोज दहा हजार पावले हा आकडा लक्षात राहायला सोपा होता. चालणाऱ्यांच्या मंडळांनी तो उचलून धरला, आणि पुढे जगभर तोच आरोग्याचा दंडक समजला गेला. मुळात मात्र तो कोणत्याही मोठ्या वैद्यकीय संशोधनाचा निष्कर्ष नव्हता.

यंत्र लावल्याने माणूस खरोखर जास्त चालतो का, याची पद्धतशीर तपासणी पुढच्या काळात झाली. 2007 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दीना ब्रावाता आणि सहकाऱ्यांनी 26 अभ्यास एकत्र तपासले. पावलामापक वापरणाऱ्यांचे चालणे आधीच्या तुलनेत सुमारे 27 टक्क्यांनी वाढले होते. पण वाढ सगळीकडे सारखी नव्हती. ज्यांच्यापुढे पावलांचे ठरावीक उद्दिष्ट होते त्यांचे चालणे वाढले. उद्दिष्टाशिवाय नुसते यंत्र बाळगणाऱ्यांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही.

त्यानंतर यंत्राचे रूप पालटले. 2009 मध्ये फिटबिट कंपनीचे कपड्याला अडकवायचे छोटे यंत्र बाजारात आले, आणि काही वर्षांत असे मापक मनगटावर गेले. दांड्याची जागा हालचालीचा वेग-बदल टिपणाऱ्या सूक्ष्म चिपने घेतली, आणि आकडे आपोआप मोबाइलवर जाऊ लागले. मोजणी इतकी सोपी झाल्यावर अपेक्षाही वाढल्या. 2016 मध्ये आलेल्या दोन अभ्यासांनी त्यांना लगाम घातला. पिट्सबर्गच्या अभ्यासात वजन कमी करू पाहणारे 471 तरुण-तरुणी होते. आहार, व्यायाम आणि मार्गदर्शन दोन्ही गटांना मिळाले. सहा महिन्यांनंतर एका गटाला अंगावर लावायचे यंत्र दिले. दोन वर्षांनी यंत्रवाल्यांचे वजन सरासरी 3.5 किलोने घटले होते, तर यंत्र नसलेल्यांचे 5.9 किलोने. सिंगापूरमध्ये 800 कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. ज्या गटाला यंत्रासोबत रोख बक्षीस मिळत होते, त्याची हालचाल बक्षीस चालू असेपर्यंत वाढली. बक्षीस थांबल्यावर ती वाढ टिकली नाही. यंत्र मिळालेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोकांनी सहा महिन्यांतच ते वापरणे सोडले, आणि वर्षअखेर जेमतेम दहांपैकी एकाच्या अंगावर ते उरले.

तरीही यंत्र निरुपयोगी ठरले नाही. लंडनमधल्या एका अभ्यासात 45 ते 75 वयाच्या लोकांना पावलामापक, नोंदवही आणि बारा आठवड्यांत हळूहळू वाढणारे उद्दिष्ट दिले. वर्षभरानंतर ते इतरांपेक्षा रोज सुमारे साडेसहाशे पावले अधिक चालत होते, आणि हा फरक तीन वर्षांनंतरही बराचसा टिकून होता. साहित्य टपालाने पाठवले काय आणि परिचारिकेने समजावून दिले काय, वर्षअखेरचा परिणाम जवळपास सारखाच राहिला. मुंबईतून चालणाऱ्या स्टेपॅथलॉन या सांघिक उपक्रमात सहकाऱ्यांचे चमू शंभर दिवस पावलांची चढाओढ करत. त्यातल्या 69,219 जणांच्या नोंदींत रोजची पावले सरासरी साडेतीन हजारांनी वाढलेली दिसली. या नोंदी सहभागींनी स्वतः केलेल्या होत्या आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे. 2022 मध्ये 39 आढावे एकत्र पाहणाऱ्या अभ्यासाने अशा साधनांमुळे दिवसाला सुमारे 1,800 पावलांची वाढ होते, असे म्हटले.

या सगळ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र आरसा धरते, चालावे मात्र माणसालाच लागते. आवाक्यातले उद्दिष्ट, रोजची नोंद आणि सोबत चालणारी माणसे असतील तर आकडा हुरूप देतो. नुसत्या पैशाच्या आमिषाने आलेला उत्साह आमिषाबरोबरच ओसरतो. म्हणून उद्दिष्ट किती असावे याला महत्त्व आहे. 2019 मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी 72 वर्षांच्या 16,741 स्त्रियांची माहिती तपासली. रोज सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा 4,400 पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण 41 टक्क्यांनी कमी होते. 7,500 पावलांच्या आसपास फायद्याची वाढ थांबली. 2022 मधल्या एका मोठ्या विश्लेषणातही साठीच्या पुढच्यांना 6,000 ते 8,000 आणि त्याहून लहानांना 8,000 ते 10,000 पावलांपर्यंत लाभ वाढत जातो, असे दिसले. त्यामुळे तीन हजार पावलांवर असलेल्या वृद्धाने दहा हजारांच्या धास्तीने पट्टा काढून ठेवण्यापेक्षा आधी चार हजारांचे उद्दिष्ट ठेवणे अधिक हिताचे आहे.