रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत: निळ्या रंगापासून एमआरआयपर्यंत

"अंगावरून वारं गेलं" म्हणत शिरपूर, साक्री, चोपडा, यावलकडून रुग्ण धुळ्याला किंवा जळगावला आणला जातो. सीटी स्कॅन होतो आणि नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं ना? मग आमच्या माणसाला का देत नाही?"

उशीर झाला की हेच इंजेक्शन धोक्याचं का ठरतं, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागेल.

भिंतीचा शोध

१८८५ मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या शिरेत रंग सोडला. सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. मेंदू हा रंग धरतच नसावा, असं त्यांना वाटलं. त्यांचेच सहकारी एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये उलट प्रयोग केला. त्यांनी निळा रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं! म्हणजे मेंदू रंग धरत होता. रक्तातून तिथे जायची वाट बंद होती.

या अडसराला 'रक्त-मेंदू अडथळा' हे नाव रूढ केलं लीना श्टेर्न यांनी, १९२१ मध्ये. जिनिव्हा विद्यापीठातल्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक. पुढे त्या मॉस्कोला गेल्या, १९४९ मध्ये स्टालिनच्या राजवटीत त्यांना अटक झाली, हद्दपारीही भोगावी लागली. त्यांनी नाव दिलेली भिंत नेमकी कुठे आहे, हे १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं: मेंदूच्या केशवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, मध्ये फट नसते.

भिंत ढिली पडते तेव्हा

गुठळीने रक्त अडलं की या पेशींनाही प्राणवायू मिळत नाही. त्यांचे सांधे सैल होतात. मग गुठळी विरघळून रक्त जोराने परत आलं, तर ते कमकुवत वाहिनीतून मेंदूत पाझरू शकतं.

१९९५ च्या अमेरिकन अभ्यासात तीन तासांच्या आत अल्टेप्लेस दिलेले रुग्ण तीन महिन्यांनी अधिक सावरलेले दिसले. पण लक्षणं वाढवणारा रक्तस्राव ६.४ टक्के रुग्णांत झाला. औषध न दिलेल्यांत तो ०.६ टक्के होता. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली.

स्कॅनवर काय दिसतं?

१९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि मेंदूतला रक्तस्राव कवटी न उघडता दिसू लागला. आजही लकव्याच्या रुग्णाचा साधा सीटी आधी करतात, तो यासाठीच. पण पाझरू लागलेली भिंत त्यात दिसत नाही.

त्यासाठी एमआरआयमध्ये गॅडोलिनियम हे औषध शिरेतून देतात. हा जणू एर्लिख यांचाच प्रयोग, जिवंत माणसात आणि सुरक्षित रीतीने. भिंत शाबूत असेल तर औषध मेंदूत शिरत नाही. ती फुटली असेल, तर काही तासांनी एका विशिष्ट चित्रात, ज्यात मेंदूभोवतीचं पाणी काळं दिसायला हवं, तिथे पांढऱ्या रेषा उमटतात. २००४ मध्ये अमेरिकेत लॅटूर आणि वॉराक यांच्या गटाला १४४ पैकी ४७ रुग्णांत ही खूण सापडली. अशा रुग्णांत नंतर रक्तस्रावाचं प्रमाणही जास्त होतं.

ही तपासणी अजून मुख्यतः संशोधनातच आहे. रोजच्या कामात निर्णय होतो तो घड्याळ, तपासणी आणि सीटीवर. मोठ्या केंद्रांत एमआरआय पाहून उशिरा आलेल्या काही निवडक रुग्णांनाही उपचार देता येतात, पण त्या भरवशावर घरी थांबू नये.

आपल्यासाठी धडा

गडचिरोलीच्या खेड्यांत 'सर्च' संस्थेच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सातांतला एक मृत्यू लकव्याने झालेला आढळला आणि त्यांतले ८७ टक्के घरीच झाले होते. खानदेशातही अंतरं मोठीच आहेत. म्हणून तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं की लगेच १०८ ला फोन करा. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. सीटी होण्याआधी ॲस्पिरिन देऊ नका; लकवा रक्तस्रावाचाही असू शकतो. मालिश आणि झाडपाल्यात गेलेला प्रत्येक तास ती भिंत आणखी ढिली करत असतो.