टेनिस एल्बोचा इतिहास
कोपराच्या बाहेरच्या बाजूची ही दुखापत टेनिसच्या नावाने ओळखली जात असली, तरी तिची पहिली वैद्यकीय नोंद खेळाडूंची नाही. 1873 साली रुंगे या जर्मन डॉक्टरांनी ती लिहिताना होणाऱ्या त्रासाच्या संदर्भात केली. पुढच्याच वर्षी वॉल्टर विंगफील्ड यांनी इंग्लंडमध्ये लॉन टेनिसचे पेटंट घेतले आणि बंगल्यांच्या हिरवळीवर हौशी मंडळी रॅकेट फिरवू लागली. 1882 मध्ये हेन्री मॉरिस यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात टेनिसमुळे दुखावणाऱ्या हाताचा उल्लेख केला, 1883 पासून ‘लॉन टेनिस एल्बो’ हे नाव वैद्यकीय लेखनात दिसते.

मनगट मागे वळवणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला कंडरेने जोडलेले असतात. बॅकहँड मारताना कोपर पुढे निघाले आणि मनगट वाकलेले राहिले, तर खांद्याने व धडाने पेलायचा भार या कंडरेवर पडतो. वाढत्या वयात तिची झीज भरून यायला वेळ लागतो. त्यामुळे हा त्रास चाळिशीच्या आसपास सर्वाधिक आढळतो. मग चहाचा कप उचलताना, ओले फडके पिळतानाही कळ निघते. महाराष्ट्रात हे दुखणे घरोघरी माहीत झाले ते मात्र क्रिकेटमुळे, 2004 मध्ये सचिन तेंडुलकरचे कोपर दुखावले तेव्हा.

बराच काळ याला सूज मानून उपचार झाले. हाताला सक्तीची विश्रांती दिली जाई. 1928 मध्ये मिल्स या डॉक्टरांनी हात झटक्याने सरळ करण्याची पद्धत मांडली. पुढे स्टेरॉइडची इंजेक्शने आली. 1979 मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक रॉबर्ट निर्शल आणि पेट्रोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेली ऊती तपासली, तेव्हा तिच्यात सुजेच्या पेशी जवळजवळ नव्हत्या. होते ते विस्कटलेले, झिजलेले तंतू. या संपूर्ण इतिहासातला हा सर्वांत मोलाचा शोध म्हटला पाहिजे, कारण त्याने उपचारांची दिशाच बदलली. इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण वर्षभरानंतर असे रुग्ण इतरांपेक्षा मागे राहतात, हे 2006 च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत दिसले.

रॅकेटही बदलत गेली. 1976 मध्ये हॉवर्ड हेड यांनी आणलेल्या मोठ्या तोंडाच्या रॅकेटमुळे चेंडू मध्यापासून जरा बाजूला लागला तरी ती हातात कमी पिळवटते. नंतरच्या ताठ ग्रॅफाइटने मात्र हादरे पुन्हा हातापर्यंत आणले. खेळण्याची पद्धतही बदलली: 1970 च्या दशकात ख्रिस एव्हर्ट, ब्यॉर्न बोर्ग या टेनिसपटूंनी रूढ केलेल्या दोन हातांच्या बॅकहँडने कोपराला मोठाच दिलासा दिला.

आज वयस्क खेळाडूंना डॉक्टर आधी स्नायू बळकट करायला सांगतात. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर टेकवून, तळवा खाली ठेवून, हलके डंबेल धरलेले मनगट सावकाश खाली सोडायचे. वर आणताना दुसऱ्या हाताचा आधार घ्यायचा. रॅकेटच्या तारा थोड्या सैल ठेवाव्यात, जुने, जड झालेले चेंडू टाळावेत, आणि मोठ्या खंडानंतर पहिल्याच दिवशी दोन तास खेळू नये. रॅकेट खाली ठेवल्यावरही कोपर दुखत राहिले, तर पुढच्या खेळाची वेळ कमी करावी.